रोल नंबर चौदा

१

प्रॉक्सी लावणाऱ्या पोरांचा संजीवनीला जेवढा राग यायचा, तेवढा दुसऱ्या कशाचाच येत नसे. बारामतीतल्या एका संगणक संस्थेत ती शिकवायची आणि हजेरी रोल नंबरानं घ्यायची. सतरा म्हटलं की मागच्या बाकावरून कुणीतरी आवाज बदलून "यस मॅडम" म्हणायचं, आणि खरा सतरा नंबर तेव्हा बसस्टँडवर वडापाव खात असायचा. दुसऱ्याच्या नावानं ओ देणारा पकडला की ती दोघांचीही गैरहजेरी लावायची. पोरं तिला मागं काय म्हणतात हे तिला ठाऊक होतं. म्हणू देत, असं तिचं मत होतं.

त्या सोमवारी असे चार जण पकडून ती भर दुपारी स्कूटरवरून अंथुर्ण्याला परतली, तीच मुळी धुमसत. घर गावाबाहेर, मळ्यात. तिथं सासरे दत्तोबा, सासू प्रयागबाई, धाकटा दीर युवराज आणि तिची सात वर्षांची छकुली. नवरा सूरज चाकणला कंपनीत होता, महिन्यातून दोनदा यायचा, आणि आला की झोपायचा.

घराला लागून मालाची खोली होती. पेरूचे क्रेट, काट्याचं वजनयंत्र, गोणपाट, आणि कोपऱ्यात टेबलावर एक जुना संगणक. संस्थेनं तो भंगारात काढला होता. संजीवनीनं उचलून आणला, त्यात लिनक्स टाकलं आणि त्याचाच घरच्या इंटरनेटसाठी राउटर केला. इंटरनेटवाल्यांनी दिलेला प्लॅस्टिकचा डबा उन्हाळ्यात तापून बंद पडायचा. या लोखंडी पेटाऱ्यानं चार वर्षांत एकदाही कुरकूर केली नव्हती. बाहेरून आलेली तार त्याच्या एका नेटवर्क कार्डात, घराकडं जाणारी दुसऱ्या कार्डात. इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं द्यायचं, एवढंच त्याचं काम. तिसरं एक कार्ड तिनं विहिरीवरच्या मोटारीसाठी बसवून ठेवलं होतं. त्यात अजून तार नव्हती, आणि त्याच्या भोकात कोळ्यानं जाळं विणलं होतं.

घरातल्या प्रत्येकाच्या फोनला तिनं कायमचा नंबर दिला होता. दत्तोबांना अकरा, प्रयागबाईंना बारा, युवराजला तेरा, आणि छकुलीच्या टॅबला चौदा. स्वतःचं नाव तिनं यादीत घातलं नव्हतं. हजेरी घेणाऱ्याचं नाव पटावर नसतं.

२

युवराज टेबलाशी उभा होता आणि खुशीत होता. संजीवनीला तेवढ्यावरूनच शंका आली.

शेडनेटमधल्या ठिबकच्या व्हॉल्वला एक डबा होता. फोनवरून सांगितलं की तो पाणी सोडायचा. पण त्याचा आणि घरातल्या फोनचा मेळ बसत नव्हता, आणि ते काम संजीवनीकडं पंधरा दिवस पडून होतं. युवराजनं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून ते स्वतःच उरकलं होतं.

त्यानं काय केलंय ते तिनं पाहिलं आणि तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. तारेवर एखाद्याला काही द्यायचं झालं, की आधी हाक मारली जाते. अमुक नंबर कोण आहे, मला सांगा. ज्याचा तो नंबर, त्यानंच ओ द्यायचा असतो. युवराजनं एका ओळीत राउटरला सांगून ठेवलं होतं, की कुठल्याही कार्डाकडून घरातल्या कुणाचीही हाक आली तर तूच ओ दे. या सोयीला शब्दसुद्धा तोच होता, प्रॉक्सी.

"म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच मशीनला तुमी प्रॉक्सी लावायला शिकवलं," ती म्हणाली.

"त्यात काय बिघडलं वैनी? दारात कुणी हाक मारली आन घरातनं कुणीच ओ दिला न्हाय, तर बरं दिसतं का? घरात जो आसंल त्यानं ओ द्यायचा. आपल्याकडं तशीच रीत हाय."

तिनं ती ओळ पुसायला कीबोर्ड ओढला, तर मुख्य पासवर्ड लागेना. तिच्या साध्या खात्यातून सगळं बघता येत होतं, बदलता काहीच येत नव्हतं. तुम्ही लगेच बंद कराल म्हणून पासवर्डही बदललाय, असं युवराज अगदी साळसूदपणे म्हणाला.

मग जे व्हायचं ते झालं. ती बोलली, तो बोलला, शेवटी प्रयागबाई पदराला हात पुसत आल्या. पेरूला वेळेवर पाणी जातंय ना, मग राहू दे की, असा त्यांनी निवाडा केला. घरात शांतता राहावी म्हणून संजीवनी गप्प बसली. पुढं तिला सगळ्यात जास्त राग आला तो याच गप्प बसण्याचा.

खोलीचं दार ओढून घेताना तिला दिसलं, की तिसऱ्या कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय.

३

दुसऱ्या दिवशी तिला दुपारी वर्ग नव्हता. ती बॅटरी घेऊन टेबलामागं वाकली. तिसऱ्या कार्डात तार नव्हती. कोळ्याचं जाळं जसंच्या तसं होतं, आत एक वाळका डासही होता. आणि त्या जाळ्यामागं दिवा लागत होता, विझत होता.

कार्ड जुनं आहे, ती मनाशी म्हणाली. पेरूची ओल लागली असेल. खोलीत पिकल्या पेरूचा जड वास होता आणि संगणकाचा पंखा घरघरत होता. तिनं तारेवरून जाणारी प्रत्येक हाक पडद्यावर दाखवणारा आदेश दिला आणि तो फक्त तिसऱ्या कार्डावर लावला. जिथं तारच नाही तिथं काही दिसायचं कारण नव्हतं.

पाच मिनिटं काही आलं नाही. मग एक ओळ आली. आकडे आणि इंग्रजी शब्द वगळले, तर तिचा अर्थ एवढाच होता:

अकरा कोण आहे? शून्याला सांगा.

आणि लगेच खाली राउटरचं उत्तर: अकरा मी आहे.

विचारणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी नुसती शून्यं होती. अशा बिनपत्त्याच्या हाकेला दुसऱ्याच्या वतीनं ओ द्यायचा नाही, हे या यंत्राला शिकवावं लागत नाही. ते त्याच्या रक्तातच असतं. तरी त्यानं ओ दिला होता. संजीवनीनं मनातल्या मनात युवराजला दोन शिव्या हासडल्या, त्याच्या व्हिडिओवाल्याला चार, आणि दिवा विझल्यावर उठली.

बाहेर प्रयागबाई चहाला हाक मारत होत्या. "आवं, ऐकलं का? चहा निवतोय." दत्तोबा ओट्यावर, चार हातांच्या अंतरावर बसून सुतळीचा गुंता सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. प्रयागबाईंनी पुन्हा हाक मारली, मग संजीवनीनं दोनतीनदा मारली. "आबा, चहा."

दत्तोबांनी मागं वळून भिंतीकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं. "कवाधरनं आबा आबा चाललंय," ते म्हणाले. "कोण आबा आलाय, त्याला आत घ्या की."

४

बारामतीच्या कानाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि कान तिशीतल्या माणसासारखे आहेत म्हणून सांगितलं. ते खरंच होतं. कालव्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज दत्तोबांना सगळ्यांच्या आधी यायचा. उसाला पाणी कधी द्यायचं, पेरूला पिशव्या कधी घालायच्या, सगळं ते नीट सांगायचे. छकुलीला ओळखायचे, तिच्या हातात गुळाचा खडा द्यायचे. फक्त हाक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. आबा म्हणा, दत्तोबा म्हणा, तात्या म्हणा, ते दुसऱ्या कुणाला तरी शोधायचे. नाव जणू त्यांच्याकडून कुणी काढून नेलं होतं आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

वय झालं, युवराज म्हणाला. संजीवनीलाही तेच म्हणायचं होतं. शहाण्या बाईनं अकरा नंबर आणि सासरे यांचा संबंध जोडू नये. दिवसाला शेकडो हाका तारेवरून जातात. तिनं स्वतःला असं बजावलं आणि तरीही गुरुवारी सकाळी वर्गाला जायच्या आधी मालाच्या खोलीत गेली.

दिवा लुकलुकत होता. ती बघत असतानाच ओळ उमटली.

बारा कोण आहे? अकराला सांगा.

तिनं ती ओळ तीनदा वाचली. या वेळी विचारणाऱ्याच्या जागी शून्यं नव्हती. दत्तोबांचा नंबर होता. आणि दत्तोबांचा फोन तर तिच्या डोळ्यांसमोर खिडकीत बंद पडलेला होता, चार दिवस चार्जिंगला लावलाच नव्हता.

राउटरनं उत्तर दिलं. बारा मी आहे.

ती पळतच चुलीपाशी गेली. प्रयागबाई भाकरी थापत होत्या, काठ धरून वळवत होत्या, हात बरोबर चालत होता. "आत्या," संजीवनी म्हणाली. मग मोठ्यानं, "आत्या, इकडं बघा." प्रयागबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि सहज विचारलं, "तुजी आत्या आलीया व्हय गं माळेगावची? मला सांगितलं न्हाईस ते."

संजीवनी चुलीसमोर उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे तिला पक्कं माहीत होतं.

५

युवराज शेडनेटमधून दुपारी परत आला. तिनं त्याला दारातच अडवलं आणि पासवर्ड मागितला.

त्यानं आधी हसून बघितलं. मग म्हणाला की आईला उन्हाचा ताप असेल, आबांचं वय झालंय, आणि वैनी, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच असलं काय बोलायला लागलात. तिनं त्याला ओढत टेबलापाशी नेलं आणि पडद्यावर साठवून ठेवलेल्या दोन ओळी दाखवल्या. त्यानं दोन्ही वाचल्या. पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो हट्ट तिला ओळखीचा होता. चूक दिसली की हा माणूस ती आणखी घट्ट धरून ठेवायचा.

"बंद केलं तर उद्या पानी कोण सोडंल?" तो म्हणाला. "तुमाला पहिल्यापास्नं माझं काय बी चांगलं दिसतच न्हाय. घरात समद्यांचे नंबर पाडलेत, कोण किती बघतंय त्याची हजेरी घेताय. मी एक काम केलं तर लगीच भूत घुसलं व्हय त्यात?"

"मी पोरीची आई हाय," ती ओरडली. "ह्या यादीत तुमच्याखाली तिचाच नंबर हाय. पासवर्ड सांगा, न्हायतर हे मशीन आत्ता विहिरीत टाकते. भावजी, मी काय म्हणतीय?"

तो उत्तर द्यायला तोंड उघडून राहिला. मग त्यानं तोंड मिटलं. टेबलामागून हिरवा उजेड भिंतीवर पडत होता, विझत होता.

"भावजी," ती म्हणाली. "युवराज."

त्यानं खांद्यावरून मागं, क्रेटच्या राशीकडं पाहिलं. तिथं कोण उभं आहे हे बघायला तो थोडा वाकलासुद्धा. मग तिच्याकडं वळून अगदी समजूतदारपणे म्हणाला, "वैनी, तो युवराज आला की मी सांगतो त्याला. तुमी उगं चिडू नगा."

पडद्यावर काय आलं असेल ते तिला न बघताही ठाऊक होतं. तेरा कोण आहे, बाराला सांगा. भांडणाच्या भरात ती हाक दोघांनाही दिसली नव्हती. पासवर्ड लपवायचा हट्ट युवराजचा होता आणि हा आता युवराज नव्हता, त्यामुळं तो कुणालाही सांगायला मोकळा होता, आणि त्यानं तो सांगितलाही, पहिल्या झटक्यात. छकुलीचं पूर्ण नाव आणि तिचं जन्मसाल.

६

प्रॉक्सीची ओळ पुसायला तिला पाच सेकंदं लागली. शेवटी आणखी एक कळ दाबायची होती, ती तिनं इतक्या जोरात दाबली की कळ बाहेर आली. आता कुणाच्याही वतीनं कुणी ओ देणार नव्हतं. ती क्रेटवर बसली.

तेवढ्यात ओळ आली. चौदा कोण आहे? तेराला सांगा.

उत्तर गेलं नाही. दोन सेकंदांनी तीच ओळ पुन्हा आली. मग पुन्हा. पुन्हा पुन्हा तेच, पडदा भरून गेला आणि वर सरकायला लागला. विचारा किती विचारायचं ते, संजीवनी दात ओठ खात म्हणाली, इथं कुणी उत्तर द्यायला बसलेलं नाही.

दारात पायांचा आवाज झाला. शाळेतून लवकर सोडलेली छकुली दप्तर पाठीवर घेऊनच आली होती.

"मम्मी, काका हाक मारतोय," ती म्हणाली. "मला."

काका तिथंच होता. क्रेटवर बसून पेरू निवडत होता. त्याचं तोंड बंद होतं.

"कुठनं हाक येतीय?" संजीवनीनं विचारलं.

छकुलीनं बोट दाखवलं. टेबलाच्या मागं, तिसऱ्या कार्डाच्या बाजूला, जिथं नुसती भिंत होती. "तितनं. सारखा बोलावतोय. आबा पण हायत तितं, आन आज्जी. मी ओ देऊ?"

संजीवनीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं तिनं संगणकाची वायर भिंतीतून उपसली. पंखा घरघरत थांबला. दिवा थांबला नाही. मग तिनं झाकण काढलं, तिसरं कार्ड उपटून टेबलावर टाकलं, आणि त्या सुट्या कार्डावर दिवा लागत विझत राहिला. छकुलीचे ओठ तिच्या तळव्याखाली हलत होते. पोरगी ओ द्यायला बघत होती. तिचा काय दोष? काका लाडका होता, आणि मोठ्यांनी हाक मारली की ओ द्यायचा, हे तिला घरात सगळ्यांनी शिकवलं होतं.

छकुलीला उचलून गेटपर्यंत नेलं, तरी ती मान वळवून तिकडंच बघत होती. कालव्यापर्यंत नेलं, तरी तेच. "अजून बोलावतोय," ती म्हणाली, आणि तिला रडायला यायला लागलं. "मम्मी, मी त्याला व्हय म्हणते ना, मग थांबंल तो."

कुणीतरी ओ दिल्याशिवाय हे थांबणार नव्हतं. यंत्रानं द्यावा, नाहीतर पोरीनं.

७

संजीवनी परत आली ती संतापानं आंधळी झालेली. शेजारच्या मळ्यात पोरगी ठेवावी असं तिच्या मनात आलं होतं, पण कालव्यापर्यंत हाक येते तर शेजारी काय येणार नव्हती? तिनं छकुलीला ओट्यावर बसवलं, तिच्या कानांवर तिचेच हात दाबून ठेवले आणि सांगितलं, की तोंड उघडलंस तर बघ.

कार्ड परत खाचेत घातलं. वायर लावली. संगणक सुरू व्हायला दीड मिनिट लागलं आणि ते दीड मिनिट ती त्याला मोठ्यानं शिव्या देत उभी होती. सासऱ्यांसाठी, सासूसाठी, त्या हट्टी दिरासाठी, आणि सोमवारी गप्प बसलेल्या स्वतःसाठी.

वर्गात तिनं हजारदा पाहिलं होतं, हजेरीत नाव कुणी विचारत नाही. नंबर विचारतात. चौदा नंबर कोण, एवढाच प्रश्न होता. आणि चौदा नंबर कोण, हे ठरवणारी फाइल तिची होती.

तिनं यादी उघडली. चौदासमोरची छकुलीच्या टॅबची ओळ पुसली. टॅब भिंतीवर आपटून फोडला, उगाच शंका नको म्हणून. मग त्याच जागी स्वतःच्या फोनचा क्रमांक टाकला आणि पुढं स्वतःचं नाव लिहिलं. संजीवनी. यादीत ते पहिल्यांदाच आलं होतं. फोननं चौदा नंबर घेतला की नाही ते तिनं तपासलं. दोनदा तपासलं. पोरीचं नाव आता कुठल्याही नंबरापुढं नव्हतं.

मग तिनं प्रॉक्सीची ओळ परत लिहिली.

चौदा कोण आहे? तेराला सांगा.

"मी आहे," ती त्या भिंतीला म्हणाली. "घे. आन पोरीचा नाद सोड."

पडद्यावर राउटरचं उत्तर उमटलं. चौदा मी आहे. भिंतीपाशी, टेबल आणि क्रेट यांच्यामधल्या हातभर जागेत, तिला क्षणभर चार माणसं दाटीवाटीनं उभी असलेली दिसली. तीन तिच्याकडं बघत होती. चौथीची पाठ होती आणि साडी तिच्याच साडीसारखी होती. तिनं डोळे चोळले, तोवर तिथं भिंत होती.

दिवा विझला. तिनं अर्धा तास वाट पाहिली, तो पुन्हा लागला नाही. पडद्यावर एकही नवी ओळ आली नाही. तिला हातपाय होते, डोकं होतं, आठवत सगळं होतं. पोरगी वाचली होती. तिला हसू आलं. एवढंच होतं तर मग काय, असं तिला वाटलं, आणि ती फुटलेल्या टॅबच्या काचा गोळा करायला खाली बसली.

बाहेर छकुलीनं कानांवरचे हात काढले होते. ती खोलीच्या दारात आली. चेहरा कोरडा होता, आवाजही आता घाबरलेला नव्हता. काका गप्प झाला म्हणून ती सांगायला आली असणार.

"मम्मी," ती म्हणाली.

संजीवनी काचा वेचत राहिली.

"मम्मी, ए मम्मी."

छकुली सरळ तिच्याकडं बघून हाका मारत होती. संजीवनीनं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं, क्रेट होते. तिनं दारातून अंगणात पाहिलं, तिथंही कुणी बाई नव्हती. पोरीच्या आवाजात रडं यायला लागलं होतं. मम्मी, मम्मी, मम्मी. तिनं पुढं येऊन संजीवनीचा पदर धरला आणि ओढायला लागली, तरी हाक मात्र त्या दुसऱ्याच बाईला चालू होती.

एवढंसं लेकरू घसा फोडून ओरडतंय, आणि त्याच्या आईला साधा ओ देता येत नाही. कसली बाई असेल ही, संजीवनीच्या मनात आलं, आणि त्या बाईचा तिला इतका संताप आला, की समोर असती तर तिनं तिच्या थोबाडीत दिली असती.